‘वी ड्राय फिश इन मे’ : सातवीच्या वर्गातील शब्दजातींचे एक प्रकरण

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका गावातील मराठी माध्यमाच्या शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवतो. प्रथम सत्राच्या चाचणीत अधोरेखित शब्दाची जात ओळखण्याचा प्रश्न होता आणि त्यातले एक वाक्य असे होते : ‘वी ड्राय फिश इन मे.’ रेघ ‘ड्राय’ या शब्दाखाली होती. वर्गातील जवळजवळ सर्वांनी त्याचे उत्तर ‘विशेषण’ असे लिहिले. याच मुलांना आठही जातींच्या व्याख्या मराठीत आणि इंग्रजीत तोंडपाठ होत्या. वाक्याचा अर्थ त्यांना कळला नव्हता असेही म्हणता येत नाही, कारण एप्रिल-मे महिन्यांत यांपैकी बहुतेकांच्या खळ्यात बांगडा नाहीतर जवळा सुकत घातलेला असतो. पेपर तपासून झाल्यावर मी अर्थ तोंडी विचारला, तेव्हा वर्गाने एका सुरात सांगितले, ‘आम्ही मे महिन्यात मासळी सुकवतो.’ या मराठी वाक्यातील क्रियापद कोणते, यावर ‘सुकवतो’ हे उत्तरही लगेच आले. मग इंग्रजी वाक्यातले क्रियापद कोणते, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला, आणि शेवटी एका मुलाने ‘फिश’ असे उत्तर दिले.

अर्थ बरोबर, मराठीतील उत्तर बरोबर, व्याख्या पाठ, आणि तरीही इंग्रजी वाक्यातील उत्तर चूक. हे असे का झाले, त्याचा शोध आणि त्यानंतर वर्गात जे काम केले त्याचा तपशील या प्रकरणात मांडला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे सातवीत आलेल्या मुलाजवळ इंग्रजी शब्दांचा साठा फारसा नसतो, हा समज निदान या वर्गापुरता खरा नव्हता. वस्तूंची, प्राण्यांची, रंगांची नावे त्यांना येत होती आणि साधी वाक्ये वाचताही येत होती. घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि तिसरी भाषा म्हणून इंग्रजी अशी त्यांची भाषिक परिस्थिती आहे. मालवणीतून प्रमाण मराठीत आणि परत मालवणीत ही मुले दिवसभर ये-जा करतात, आणि एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना कोणता शब्द कुठे बदलतो याची जाण त्यांना असते. ही जाण व्याकरणाच्या तासाला कधी वापरलीच गेली नव्हती.

उत्तरपत्रिका समोर ठेवून मी मुलांना ‘विशेषण’ हे उत्तर कसे काढले ते सांगायला लावले. एका मुलीने दिलेले कारण जवळपास सगळ्यांचेच होते : ‘ड्राय म्हणजे सुका, आणि सुका हे विशेषण.’ या उत्तरात आळस नाही, अंदाजपंचेपणाही नाही. पाचवीपासून भिंतीवर लावलेल्या तक्त्यात ‘हॉट, कोल्ड, वेट, ड्राय’ हे शब्द विशेषणांच्या रकान्यात होते. तो तक्ता पाहणाऱ्या मुलाची अशी समजूत होते की जात ही शब्दाला कायमची चिकटलेली असते आणि ती एकदा पाठ केली की कोणत्याही वाक्यात चालते. वाक्याकडे न पाहता शब्दाकडे पाहण्याची सवय अशा तक्त्यांनीच लावलेली असते. माझ्या मते प्राथमिक शाळेतील या विषयाचे सर्वांत मोठे नुकसान याच साधनाने केले आहे, आणि ते साधन रंगीत, स्वस्त व सहज मिळणारे असल्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक वर्गात असते.

परंतु सगळा दोष तक्त्यावर टाकून भागत नाही, कारण त्या मुलीच्या तर्कामागे मराठीचा अनुभव उभा आहे. मराठीत सुका, सुकी, सुके ही विशेषणाची रूपे; मासळी आपोआप सुकते तेव्हा ‘सुकणे’; आपण ती सुकवतो तेव्हा ‘सुकवणे’; आणि सुकून जी वस्तू तयार होते ती ‘सुकट’. प्रत्येक कामासाठी शब्दाचे रूप वेगळे असल्यामुळे, शब्द वाक्यातून सुटा काढून हातात दिला तरी त्याची जात बहुतेक वेळा सांगता येते. इंग्रजीत एकटा ‘ड्राय’ यांतली तीन कामे करतो : ‘ड्राय फिश’मध्ये तो विशेषण आहे, ‘द फिश ड्राइज इन द सन’मध्ये सुकण्याचे क्रियापद आहे आणि ‘वी ड्राय फिश’मध्ये सुकवण्याचे. जुन्या इंग्रजीत नामांना आणि विशेषणांना भरपूर प्रत्यय लागत असत. पुढच्या काही शतकांत त्यांतले बहुतेक गळून पडले आणि त्यांचे काम वाक्यातील जागेवर आले. ज्या भाषेत रूप बोलते त्या भाषेतील मूल, ज्या भाषेत जागा बोलते तिथे गेल्यावर रूपच शोधत राहते. आपल्या भाषेत जी खूण भरवशाची आहे तीच ते परभाषेत वापरते, आणि तिथे ती खूण नसते.

तिसरे कारण व्याख्यांमध्ये होते. ‘क्रिया दाखवणारा शब्द तो क्रियापद’ ही व्याख्या मुलांना पाठ होती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, हे या गावातील लहान मुलालाही माहीत असते. म्हणून मी फळ्यावर मराठीतच लिहिले, ‘जूनमध्ये मासेमारी बंद असते’, आणि क्रियापद विचारले. बऱ्याच मुलांनी ‘मासेमारी’ असे सांगितले. व्याख्येप्रमाणे ते बरोबरच होते, कारण या वाक्यात एखादी क्रिया कोणत्या शब्दाने सूचित होत असेल तर ती ‘मासेमारी’ या नामानेच. ‘असते’ हा शब्द कोणतीही क्रिया दाखवत नाही आणि तरीही वाक्याचे क्रियापद तोच आहे. ‘फिशिंग स्टॉप्स इन जून’ या वाक्यात हाच गोंधळ जसाच्या तसा पुन्हा झाला. म्हणजे ज्याला आपण इंग्रजी व्याकरणाची अडचण समजतो तिचा काही भाग इंग्रजीचा नसून, मराठीच्या तासाला शिकलेल्या अपुऱ्या व्याख्येचा असतो.

यावरून कामाची दिशा ठरली. भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि व्याख्या काही काळ बाजूला ठेवल्या. पहिल्या काही तासिका तोंडीच घेतल्या, कारण इंग्रजी लेखनातील स्पेलिंगची धास्ती आणि व्याकरणाचा विचार या दोन गोष्टी एकदम समोर आल्या की मूल स्पेलिंगच सांभाळत बसते. सुरुवात मराठी वाक्यांपासून केली, पण जिथे मराठीतही एकच शब्द दोन कामे करतो अशी वाक्ये मुद्दाम निवडली. ‘वर चढ’ आणि ‘माडावर चढ’. पहिल्या वाक्यात ‘वर’ स्वतंत्र आहे आणि चढण्याची दिशा सांगतो, म्हणून तो क्रियाविशेषण. दुसऱ्यात तो माडाला जोडून आला, म्हणून शब्दयोगी. त्याचप्रमाणे ‘तो आला’ यातील ‘तो’ सर्वनाम आहे, तर ‘तो खलाशी आला’ यातील ‘तो’ खलाशाकडे बोट दाखवणारे विशेषण आहे. ही वाक्ये ऐकल्यावर, एकच शब्द दोन जातींत कसा असेल, हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही. ही गोष्ट त्यांना नवी नव्हतीच, ती फक्त कुणी दाखवली नव्हती.

त्यांच्याच घरातले एक उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडले. होडीवर जो आज तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आहे तोच उद्या दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ शकतो. माणूस तोच असतो, पण तांडेल कोण हे त्या दिवशी त्या होडीवर त्याने काय काम केले यावरून ठरते. किनाऱ्यावर उभा असलेल्या माणसाकडे पाहून तो तांडेल की खलाशी हे सांगता येत नाही, आणि तसेच सुट्या ‘ड्राय’कडे पाहूनही त्याची जात सांगता येत नाही. हा मुद्दा मुलांनी इतका लगेच पकडला की पुढे एखाद्याने घाईने जात सांगितली की दुसरा त्याला ‘आधी होडी दाखव’ असे म्हणू लागला, म्हणजे वाक्य सांग.

त्यानंतर ‘ड्राय’ पुन्हा हाती घेतला. शब्दाचे काम ओळखण्यासाठी अर्थावर विसंबून न राहता काही कसोट्या लावायच्या असे ठरवले. पहिली कसोटी काळाची. वाक्यात ‘येस्टर्डे’ किंवा ‘लास्ट मे’ घालून पाहायचे आणि कोणता शब्द बदलतो ते ऐकायचे : ‘वी ड्राइड फिश लास्ट मे.’ जो शब्द बदलला तो क्रियापद. दुसरी कसोटी कर्त्याची. ‘वी’च्या जागी ‘शी’ घातले की ‘शी ड्राइज फिश’ होते, आणि पुन्हा तोच शब्द बदलतो. तिसरी कसोटी सर्वांत साधी आणि माझ्या अनुभवात सर्वांत प्रभावी ठरली. ‘ड्राय’ला विशेषण मानून ‘ड्राय फिश’ म्हणजे सुकी मासळी असा अर्थ घेतला, तर ‘आम्ही सुकी मासळी मे महिन्यात’ एवढेच उरते. हे वाचून दाखवल्यावर मुले म्हणाली, ‘पुढे काय?’

या तिसऱ्या कसोटीवर थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठीत ‘हा माझा भाऊ’, ‘हे आमचे घर’ ही वाक्ये क्रियापदाशिवाय पूर्ण वाटतात आणि बोलण्यात ती सर्रास येतात. इंग्रजीच्या साध्या विधानात क्रियापद असे गाळता येत नाही. ‘ही माय ब्रदर’ ही या वर्गातील नेहमीची चूक याच कारणाने होत होती. इंग्रजी वाक्य हाती आले की आधी क्रियापद शोधायचे आणि ते सापडल्याशिवाय इतर कोणत्याही शब्दाची जात सांगायची नाही, असा नियम आम्ही केला. त्याचा फायदा व्याकरणाच्या प्रश्नापुरता राहिला नाही, तर मुलांच्या स्वतःच्या लेखनात ‘इज’ आणि ‘आर’ परत आले. ज्या शिक्षकांना शब्दजातींसाठी फक्त एखादा आठवडा देता येतो त्यांनी तो सगळा क्रियापदाला द्यावा, असे मला वाटते.

नामासाठी ‘द — इज हिअर’ ही रिकाम्या जागेची चौकट वापरली आणि विशेषणासाठी ‘अ — बोट’ ही. ‘सॉल्ट’, ‘नेट’, ‘आइस’, ‘अँकर’ हे शब्द नामाच्या चौकटीत बसतात आणि ‘वी कॅन —’ या क्रियापदाच्या चौकटीतही बसतात, हे मुलांनी स्वतः शोधले. ‘मीठ’ आणि ‘खारवणे’ यांसाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘सॉल्ट’च. बांगडा खारवण्याची रीत एका मुलाने ‘वी सॉल्ट द मॅकरेल’ अशी सांगितली, तेव्हा या वर्गात नामाचा क्रियापद म्हणून वापर प्रथमच आपणहून झाला. विशेषणासाठी ‘व्हेरी —’ ही चौकट काही पुस्तकांत सुचवलेली असते, पण ‘व्हेरी’नंतर क्रियाविशेषणही येत असल्यामुळे ती एकटी पुरत नाही आणि सुरुवातीला तर टाळावीच.

काळाची कसोटी वर्गात रुळत असतानाच एका मुलीने असा प्रश्न विचारला की त्या तासिकेचे नियोजन बाजूला ठेवावे लागले. बाजारातल्या पाकिटावर ‘ड्राइड फिश’ असे छापलेले असते, तर तिथे ‘ड्राइड’ भूतकाळाचे क्रियापद का नाही? कसोटी लावून पाहिली तर ‘वी ड्राइड फिश’ आणि ‘ड्राइड फिश’ यांतील शब्द कानाला आणि डोळ्याला एकच आहेत. इथे मराठी व्याकरणाने मोठी मदत केली. ‘सुकवलेली मासळी’ यातील ‘सुकवलेली’ हा शब्द क्रियापदाच्या धातूपासून तयार झालेला आहे, पण वाक्यात तो विशेषणाचे काम करतो, आणि मराठीच्या तासाला त्याला धातुसाधित विशेषण म्हणतात. ‘ड्राइड फिश’मधील ‘ड्राइड’ अगदी तेच आहे. ‘वी सेल ड्राइड फिश’ हे वाक्य घेतले की त्यात ‘सेल’ हे क्रियापद आधीच हजर असते आणि ‘येस्टर्डे’ घातल्यावर बदलते ते ‘सेल’, ‘ड्राइड’ जसाच्या तसा राहतो. त्याच सुमारास ‘फिशिंग’चाही उलगडा झाला. ‘पोहणे चांगले’ यातील ‘पोहणे’ हे जसे धातुसाधित नाम, तसेच ‘फिशिंग स्टॉप्स इन जून’ यातील ‘फिशिंग’. ‘ही इज फिशिंग’ या वाक्यात मात्र तोच शब्द ‘इज’च्या जोडीने क्रियापदाचा भाग होतो. धातुसाधित ही संकल्पना मराठीच्या तासाला शिकवून तिथेच सोडून दिली जाते, आणि इंग्रजीच्या शिक्षकाला ती वापरण्याचे सहसा सुचत नाही. खरे पाहता मराठी माध्यमाच्या मुलाजवळचे हे फार मोठे भांडवल आहे.

‘मे’ या शब्दावरूनही एक चर्चा झाली. ‘इन मे’ यातील ‘मे’ महिन्याचे नाव आहे आणि ‘इट मे रेन’ यातील ‘मे’ शक्यता सांगणारे साहाय्यक क्रियापद आहे. उच्चारात दोघांत काही फरक नाही, आणि लिहिताना फरक पडतो तो महिन्याच्या मोठ्या अक्षराचा. मुलांनी मोठे अक्षर न पाहता, केवळ ऐकून, आधीच्या ‘इन’वरून आणि नंतरच्या ‘रेन’वरून काम ओळखून दाखवले.

क्रियाविशेषणाने सर्वांत जास्त दिवस घेतले. ‘ही प्लेज गुड’, ‘शी सिंग्ज गुड’ ही चूक वर्गात इतकी पक्की होती की ती सुधारून लिहून दिली तरी दुसऱ्या दिवशी परत येत असे. कारण पुन्हा घरच्याच भाषेत सापडले. मराठीत ‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली खेळते’ असे आपण म्हणतो, आणि मालवणीत ‘तो बरो खेळता’, ‘ती बरी खेळता’. इथे ‘चांगला’ किंवा ‘बरो’ हा शब्द खेळण्याच्या रीतीविषयी सांगतो, म्हणून त्याचे काम क्रियाविशेषणाचे आहे. पण त्याचे रूप विशेषणाचे आहे आणि ते कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतेही. ज्या मुलाच्या भाषेत विशेषणच हे काम करते त्याने ‘गुड’ आणि ‘वेल’ वेगळे का ठेवावेत? त्याला नियम सांगून उपयोग नाही, त्याच्या भाषेत काय घडते आणि इंग्रजीत काय घडते हे शेजारीशेजारी दाखवावे लागते. म्हणून प्रत्येक वाक्यात एक प्रश्न विचारण्याची सवय लावली : हा शब्द माणसाविषयी किंवा वस्तूविषयी सांगतो, की कामाविषयी? ‘अ स्लो बोट’मध्ये ‘स्लो’ होडीविषयी आहे, ‘द बोट मूव्ह्ज स्लोली’मध्ये ‘स्लोली’ चालण्याविषयी आहे. ‘ली’ हा प्रत्यय दिसला की क्रियाविशेषण, हा लोकप्रिय नियम मी शिकवत नाही. ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणे आहेत, ‘फास्ट’ला क्रियाविशेषण होताना ‘ली’ लागत नाही, आणि ‘हार्ड’ला ‘ली’ लावला तर ‘हार्डली’ म्हणजे ‘क्वचितच, जेमतेम’ असा भलताच अर्थ होतो. ‘ही वर्क्स हार्डली’ असे लिहिणाऱ्या मुलाने आपल्या कष्टाळू वडिलांविषयी नेमके उलटे लिहिलेले असते.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत अडचण जागेची होती. ‘होडीवर’, ‘होडीखाली’, ‘होडीसाठी’ यांत ते नामाच्या मागून येते, ‘ऑन द बोट’, ‘अंडर द बोट’, ‘फॉर द बोट’ यांत पुढे. ‘होडीत’मधील ‘त’ हा तर विभक्तीचा प्रत्यय आहे, तोही इंग्रजीत ‘इन’ म्हणून वेगळा शब्द होऊन पुढे येतो. एवढे मुलांना लवकर जमते. खरी गंमत सर्वनामांशी जोडल्यावर येते. ‘मीसाठी’ असे कोणतेही मराठी मूल म्हणत नाही, ते ‘माझ्यासाठी’च म्हणते, कारण शब्दयोगी लागण्यापूर्वी सर्वनामाचे सामान्यरूप झाले पाहिजे हे त्याला उपजत माहीत असते. इंग्रजी नामांना असे सामान्यरूप होत नाही, पण इंग्रजी सर्वनामांनी ही जुनी सवय सोडलेली नाही : ‘फॉर मी’, ‘विथ हिम’, ‘टू देम’. ‘फॉर आय’ हे ‘मीसाठी’सारखेच वाईट ऐकू येते असे सांगितल्यावर ‘विथ ही’ आणि ‘टू दे’ या चुका झपाट्याने कमी झाल्या. त्याचबरोबर ‘कम इन’ आणि ‘इन द बोट’ यांतील फरक ‘आत ये’ आणि ‘होडीच्या आत’ यांच्या आधाराने दाखवता आला, कारण मराठीत ‘आत’ही तशीच दोन कामे करतो.

उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्ययांवर वेळ घालवावा लागला नाही. ‘ॲन्ड’, ‘बट’, ‘बिकॉज’ हे शब्द दोन भाषांत जवळजवळ एकाच रीतीने वागतात, आणि उद्गार ओळखणे कुणालाच जड जात नाही. उपपदांचा प्रश्न मात्र राहतो. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोड नाही आणि आठ जातींच्या यादीत त्यांना स्वतःचे घरही नाही. जुने इंग्रजी व्याकरण त्यांना विशेषणांत बसवते, नवे व्याकरण त्यांच्यासाठी निर्धारक असा वेगळा वर्ग करते. मी ती वेगळी ठेवली आणि परीक्षेपुरती विशेषणांत धरावीत असे स्पष्ट सांगितले.

आठ ही संख्या कुठून आली, असे मुलांनी विचारले तेव्हा ते सांगणे मला आवश्यक वाटले. ग्रीक आणि लॅटिन व्याकरणांतून ती इंग्रजीत आली, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्याआधी आपल्याकडे यास्काने नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे अव्यये असे चारच वर्ग केले होते, आणि पाणिनीच्या व्यवस्थेत पदे दोनच प्रकारची आहेत, सुबन्त म्हणजे विभक्तीचे प्रत्यय लागणारी आणि तिङन्त म्हणजे क्रियापदाचे प्रत्यय लागणारी. म्हणजे ही विभागणी अभ्यासाच्या सोयीसाठी माणसांनी केली आहे. हे कळल्यावर मुले जाती पाठ करण्याऐवजी ती सोय कुठे उपयोगी पडते आणि कुठे अपुरी पडते ते तपासू लागली. याच तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी स्तंभांत छापलेला असे. जानेवारीत आम्ही त्याच पद्धतीने दोन स्तंभांचे भित्तिपत्रक केले. गावातील एखादी बातमी डावीकडे मराठीत, उजवीकडे इंग्रजीत, आणि दोन्हीकडील क्रियापदांखाली लाल रेघ. शब्दजातींचा तक्ता जिथे होता त्याच भिंतीवर हे पत्रक लावले.

द्वितीय सत्राच्या चाचणीत मी शब्द एकच ठेवून वाक्ये बदलली. ‘नेट’, ‘आइस’, ‘फास्ट’ आणि ‘इन’ हे शब्द दोन-दोन वाक्यांत दिले आणि उत्तरासोबत कारण मागितले. बहुतेक मुलांनी दोन्ही वाक्यांतील काम वेगळे ओळखले आणि कारणात ‘येस्टर्डे घातल्यावर बदलतो’, ‘पुढे नाम आहे’ अशी वाक्ये आली. जी मुले मागे राहिली त्यांची अडचण व्याकरणाची नव्हती. त्यांना इंग्रजी वाक्य सलग वाचता येत नव्हते, आणि जे वाक्य वाचता येत नाही त्यातील शब्दाचे काम ओळखणे शक्य नसते. त्यांना वाक्ये वाचून दाखवल्यावर त्यांतील बऱ्याच जणांनी बरोबर उत्तरे दिली. त्यांच्यासाठी वाचनाचे काम वेगळे करावे लागेल, त्याला शब्दजातींचा सराव हा पर्याय नाही.

एका सहकारी शिक्षकांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला तो विचारात घेण्यासारखा आहे. पुढे शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिथे पर्यायांतून उत्तर झटपट निवडावे लागते आणि कसोट्या लावत बसायला वेळ नसतो, म्हणून याद्या पाठ असलेल्या बऱ्या, असे त्यांचे म्हणणे. यादी पाठ असलेल्या मुलाला काही प्रश्न लवकर सुटतात हे खरे आहे. पण परीक्षेतही शब्द वाक्यातच दिलेला असतो, आणि प्रश्न काढणारा नेमका असा शब्द निवडतो जो यादीतील जातीपेक्षा वेगळे काम करत असेल. शिवाय सरावाने कसोट्याही जलद होतात. क्रियापद आधी शोधायचे ही सवय लागलेली मुले वर्षअखेरीस वाक्य वाचता वाचताच उत्तर सांगत होती.

एक प्रश्न अजून वर्गात मिटलेला नाही. ‘फिश मार्केट’ यातील ‘फिश’ची जात कोणती? मराठीत ‘मासळी बाजार’ हा समास आहे आणि ‘आंब्याची पेटी’ यात षष्ठीचा प्रत्यय आहे, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. इंग्रजीत ‘फिश मार्केट’ आणि ‘मँगो बॉक्स’ यांत पहिले नाम दुसऱ्याविषयी माहिती देते, म्हणून जुन्या पद्धतीने ते विशेषण म्हणता येते. पण ‘बिग’ची जशी ‘बिगर’, ‘बिगेस्ट’ अशी रूपे होतात तशी या ‘फिश’ची होत नाहीत, आणि ‘द मार्केट इज बिग’ म्हणता येते तसे ‘द मार्केट इज फिश’ म्हणता येत नाही, म्हणून नवे व्याकरण त्याला नामच मानते. वर्गाचे यावर दोन तट आहेत आणि दोघांकडेही कसोट्या आहेत. आठवीत गेल्यावर हा प्रश्न पुन्हा काढायचा असे ठरले आहे. तोपर्यंत माझ्या चाचणीत ‘नाम’ आणि ‘विशेषण’ या दोन्ही उत्तरांना गुण मिळतात, मात्र उत्तरासोबत कारण लिहिलेले असले पाहिजे.